वाजलं की धावायचं नाही

तामागोत्ची हे अंड्याच्या आकाराचं, किल्ल्यांच्या साखळीला अडकवायचं प्लास्टिकचं खेळणं. इंचभर पडदा, त्यावर आडवे ३२ आणि उभे १६ ठिपके. त्या काळ्या ठिपक्यांत एक प्राणी राहतो, खातो, घाण करतो, आजारी पडतो आणि एक दिवस मरतो. खाली तीन बटणं आहेत. डाव्याने काय करायचं ते निवडायचं, मधल्याने ‘हो’ म्हणायचं, उजव्याने ‘राहू दे’.

बान्दाई कंपनीने जपानमध्ये २३ नोव्हेंबर १९९६ रोजी ते १,९८० येनला विकायला काढलं. ‘विझ’ या कंपनीचे अकिहिरो योकोई आणि बान्दाईच्या अकी माइता हे दोघे त्याचे जनक मानले जातात. माइताबाईंनी बाजारात आणायच्या आधी ते टोकियोच्या शिबुया भागात हिंडणाऱ्या शाळकरी मुलींना दाखवून त्यांची मतं घेतली होती. मुलींचा अंदाज बरोबर निघाला. दुकानांपुढे रांगा लागल्या. पांढऱ्या रंगाचं अंडं तर असं दुर्मीळ झालं, की लोक ते मूळ किमतीच्या कितीतरी पट देऊन घ्यायला लागले. मे १९९७ मध्ये ते अमेरिकेत पोचलं आणि तिथल्या शाळांनी थोड्याच दिवसांत त्याला वर्गाबाहेर काढलं.

आमच्याकडे आहे ते त्या पहिल्या खेळण्याचं २०१८ मध्ये पुन्हा निघालेलं रूप. माझे दीर न्यू जर्सीला असतात, त्यांनी पुतणीसाठी, म्हणजे माझ्या लेकीसाठी आणलं. लेकीच्या शाळेत खेळणी न्यायला बंदी. त्यामुळे सकाळी ते अंडं माझ्या पर्समध्ये येतं आणि माझ्याबरोबर डोंबिवली ते सीएसएमटी असा प्रवास करतं. जगभरातल्या आयांच्या वाट्याला १९९७ मध्ये जे आलं तेच माझ्या वाट्याला जरा उशिरा आलं, इतकंच. त्या नोकरीतून जे हाती लागलं ते इथे लिहिते. ज्यांच्या घरी असं अंडं येणार आहे त्यांना उपयोग होईल.

१. पहिला तास रिकामा ठेवा

सेलाच्या आड आलेली पट्टी ओढली की आधी घड्याळ लावायचं. मग पडद्यावर अंडं हलायला लागतं. पाच मिनिटांनी ते फुटतं आणि आतून एक काळा गोळा उड्या मारत बाहेर येतो. हा बेबीत्ची. त्याचं बाळपण जेमतेम तासाभराचं, पण त्या तासात तो सगळं करून घेतो. सतत भूक लागते, सतत करमेनासं होतं, घाण करतो, आजारी पडतो, मध्येच एक डुलकी काढतो. हा तास पार पडला की तो गोल तोंडाचा मारुत्ची होतो आणि मग घरातल्यांना श्वास घेता येतो.

म्हणून अंडं संध्याकाळी सुरू करू नये. मुलांना ते हातात पडल्या पडल्या सुरू करायचं असतं, विशेषतः काका अजून सोफ्यावर बसलेले असताना. ऐकायचं नाही. रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर सुरू करा.

२. घड्याळ तुमच्या सोयीने लावा

मारुत्ची रात्री आठला झोपतो आणि सकाळी नऊला उठतो. पुढच्या वयात झोपायची वेळ नऊवर जाते, आणखी मोठा झाला की दहा-अकरावर. पण खरी वेळ काय झाली हे त्याला माहीत नसतं. तुम्ही सांगाल तीच त्याची वेळ. आमच्याकडे सकाळच्या गर्दीच्या गाडीत तो झोपलेला असतो, हे बरंच आहे. त्या गर्दीत पर्समधून मोबाइल काढायचीही सोय नसते, तिथे अंड्याला कोण भरवणार? ज्यांची रात्रपाळी आहे त्यांनी घड्याळ सरळ उलटं लावावं. त्याला काही कळत नाही आणि तक्रार करायला बटणही त्याच्याकडे नाही.

३. जेवण आणि खाऊ यांतला फरक घरातल्या मोठ्यांना आधी समजावा

भुकेची चार हृदयं आणि आनंदाची चार हृदयं, एवढंच त्याचं पोट आणि मन. काट्याचमच्याचं चित्र निवडलं की दोन पर्याय येतात, जेवण आणि खाऊ. जपानी खेळण्यात जेवण म्हणजे भात असायचा, परदेशी आवृत्तीत तिथे पाव आला. पाव वरून खाली येतो, प्राणी तोंडाचा आ करतो, दोन-तीन घासांत पाव संपतो आणि भुकेचं एक हृदय भरतं. वजन एकाने वाढतं. पोट भरलेलं असेल तर तो मान फिरवतो. कितीही आग्रह करा, घेत नाही.

खाऊचं तसं नाही. खाऊला तो कधीच नाही म्हणत नाही. दर खाऊला आनंदाचं एक हृदय भरतं आणि वजन दोनाने वाढतं. सासूबाईंना हे खेळणं कळायला एक दुपार पुरली. त्यांच्या लक्षात आलं, की पावाला तो तोंड फिरवतो पण खाऊ दिला की नाचतो. त्यांचं म्हणणं, “लेकरू काय मागतंय ते बघावं, उगाच पाव काय कोंबताय?” संध्याकाळी लेकीने वजन बघितलं आणि आजीशी बोलेनाशी झाली. त्यात आजीची काही चूक नाही. खेळणंच तसं रचलंय. जी गोष्ट लगेच गोड लागते ती अमर्याद मिळते आणि तिचा हिशेब दुसऱ्याच पानावर, वजनाच्या आकड्यात, मांडला जातो. खाऊ फार झाला की तो आजारी पडतो.

आनंद भरायचा दुसरा मार्ग खेळाचा आहे, त्याबद्दल पुढे. तो मेहनतीचा आहे, म्हणून आज्या तो वापरत नाहीत.

४. आधी मीटर, मग बटण

या सगळ्या यादीत हा एकच मुद्दा वाचलात तरी चालेल.

तामागोत्चीला काही हवं असलं की तो वाजतो आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं आठवं चित्र पेटतं. बाकीची सात चित्रं तुम्ही निवडायची, हे आठवं तो पेटवतो. वाजलं की माणूस काय करतो? काहीतरी भरवतो. आवाज बंद व्हावा एवढीच इच्छा असते. आणि तो फसवतो तो नेमका इथे.

परतीच्या गाडीत मुलुंड गेलं की जरा बसायला मिळतं. एकदा तिथे पर्समधून चिवचिव सुरू झाली. शेजारच्या बाई म्हणाल्या, “ताई, तुमचं काहीतरी वाजतंय.” मी अंडं काढलं, आधी वजनकाट्याचं चित्र निवडून मीटर बघितलं. भुकेची चार हृदयं भरलेली, आनंदाची चार भरलेली. आजारपणाची कवटी नाही, खाली घाण नाही, झोपायची वेळ नाही. म्हणजे ही हाक खोटी. मग ओरडणाऱ्या तोंडाचं चित्र निवडायचं आणि मधलं बटण दाबायचं. तो पडेल चेहऱ्याने खाली बघतो. मीटरच्या एका पानावर शिस्तीची पट्टी असते, ती एका चतुर्थांशाने पुढे सरकते. शेजारच्या बाई हे सगळं बघत होत्या. “काय केलंत?” म्हणाल्या. “रागावले,” म्हटलं. “का?” “काही नको असताना बोलावत होता.” त्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी आपल्या धाकट्याचं सगळं सांगितलं, ते ठाणं ओलांडून डोंबिवली येईपर्यंत पुरलं.

खोट्या हाका मोजक्याच येतात. भूक लागली असूनही पाव नाकारणं हीसुद्धा नाटकं करायची तसलीच एक तऱ्हा, तिथेही रागवायचं असतं. अशा वेळी तुम्ही खाऊ दिलात तर आवाज थांबेल, पण शिस्तीची पट्टी तिथेच राहील, आणि ती पट्टी चार वेळा पुढे सरकवल्याशिवाय त्यातून चांगला प्राणी निघत नाही. घरात या मुद्द्यावर दोन तट पडतात. सासूबाई म्हणतात, “एवढ्याशा जिवाला काय रागावतेस?” लेक म्हणते, “आजी, पट्टी वाढते.” मला लेकीचं पटतं, पण तिने हे वाक्य तिच्या स्वतःच्या बाबतीत कधी मान्य केलेलं नाही, हे नमूद करून ठेवते.

५. तो काय मोजतो, ते जाणून घ्या

नवखी माणसं दर पाच मिनिटांनी अंडं उघडून बघतात आणि आठही हृदयं सतत भरलेली ठेवायला धडपडतात. त्याची गरज नसते. किती वेळा भरवलं, किती वेळ हातात घेऊन बसलात, याची नोंद तो ठेवतच नाही. तो मोजतो ती दुर्लक्षं. भुकेचं किंवा आनंदाचं शेवटचं हृदय रिकामं झालं की तो खरी हाक मारतो आणि पंधरा मिनिटं वाट बघतो. तेवढ्यात कोणी आलं नाही, तर कोपऱ्यातलं चित्र गुपचूप विझतं आणि आत एक चूक जमा होते. कुठल्याही पडद्यावर ती दिसत नाही. झोपल्यावर दिवा जळत राहिला तर तेही त्याच खात्यात जातं.

म्हणजे पंधरा मिनिटांची सवड तुम्हाला दर वेळी आहे. प्राणी मोठा झाला, की एक हृदय रिकामं व्हायला तासाच्या आसपास वेळ लागतो. चारही भरून ऑफिसात शिरलात तर बराच वेळ त्याच्याकडे बघायचं कारण नाही. डावं आणि उजवं बटण एकदम दाबलं की आवाज बंद होतो. मी तो सकाळी बंद करते, अकराच्या चहाला एकदा बघते, जेवणाच्या सुट्टीत एकदा, चारला एकदा. एवढ्यावर आमचा प्राणी धडधाकट राहतो.

१९९७ चं अर्थशास्त्राचं इग्नोबेल, म्हणजे ते थट्टेचं नोबेल, योकोई आणि माइता यांनाच मिळालं होतं. माणसांचे कामाचे लाखो तास आभासी प्राण्यांच्या पालनपोषणाकडे वळवल्याबद्दल. थट्टा चांगलीच होती. पण त्या लाखो तासांतले बरेचसे खेळण्याने मागितलेच नव्हते, असं मला आता वाटतं. लोकांनी ते घाबरून आपणहून दिले.

६. खेळ हरलात तरी खेळा

डावीकडे बघेल की उजवीकडे, एवढं ओळखायचं. पाच डाव, तीन बरोबर आले की आनंदाचं एक हृदय. हरलात तरी वजन एकाने उतरतं, जिंकलात तरी उतरतं. आजीने चढवलेलं वजन आम्ही असंच उतरवलं. पहिल्या मालिकेनंतर १९९७ मध्येच जी दुसरी निघाली, तिच्यात पुढचा आकडा मोठा येईल की लहान ते सांगायचं असतं. तो खेळ जास्त डोक्याचा आहे. गाडीत मात्र डावं-उजवंच बरं. आजूबाजूच्या बायकाही सांगायला लागतात. “डावीकडे, डावीकडे! मागच्या वेळी उजवीकडे बघितलं त्याने.” असं काही सूत्र त्यात नाही, पण डब्याला ते सांगून उपयोग नसतो.

७. घाण लगेच काढा, औषध पुरं द्या

बदकाचं चित्र निवडलं की पाण्याची एक लाट पडद्यावरून सरकते आणि सगळं वाहून नेते. लेकीला जन्मापासून आजवर घरातलं कुठलंही काम इतक्या आवडीने करताना मी बघितलेलं नाही. घाण साठू दिली तर तो आजारी पडतो. कवटी दिसली की इंजेक्शनचं चित्र निवडायचं. कधी एका सुईने भागतं, कधी दोन लागतात. एक देऊन अंडं पर्समध्ये टाकायचं नाही, कवटी गेली का ते बघायचं.

८. दिवा तुम्हीच घालवायचा

डोक्यावर झोपेची चिन्हं आली, म्हणून सगळं आपोआप होईल असं समजू नका. दिव्याचं चित्र निवडून, ‘बंद’ म्हणून, पडदा काळा करावा लागतो. सकाळी उठल्यावर दिवा तो स्वतःच लावतो.

९. वेळ थांबवता येते, पण जपून

घड्याळ लावायच्या पडद्यावर जाऊन तसंच सोडून दिलं, तर प्राण्याचं आयुष्य जिथल्या तिथे थांबतं. भूक नाही, घाण नाही, म्हातारपण नाही. पहिल्या खेळण्यात थांबवायचं वेगळं बटण दिलेलंच नव्हतं, त्यामुळे ही पळवाट शाळकरी मुलांनीच एकमेकांना शिकवली असणार. परीक्षा, लग्न, सिनेमा, साहेबांची मीटिंग यांना ती मी वापरते. त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

मात्र आमच्या ओळखीतल्या एका मुलाने दिवसभर थांबवायचं आणि रात्री जेवल्यावर अर्धा तास चालू करायचं असा नेम धरला. त्याचा मारुत्ची काही मोठा होईना. त्याची आई मला विचारत होती, खेळणं बिघडलंय का? बिघडलेलं नव्हतं. दिवसातून अर्धाच तास जगणारा प्राणी मोठा होणार कधी? या खेळण्यात एक दिवस म्हणजे एक वर्ष. तुम्हाला नको असताना तो मागत राहतो, म्हणूनच त्यात रस आहे. ते मागणं काढून टाकलं, तर उरतो तो डावं-उजवं ओळखायचा खेळ, आणि तो कोणी पैसे देऊन विकत घेणार नाही.

१०. मामेत्चीच्या मागे लागू नका

मारुत्चीचा पुढे तामात्ची होतो किंवा कुचितामात्ची. आठवडाभरात त्यांतून मोठा प्राणी बाहेर येतो. कोणता, ते तुमच्या चुकांच्या खात्यावर आणि शिस्तीच्या पट्टीवर ठरतं. चुका अगदी थोड्या आणि शिस्त पूर्ण असेल तर मामेत्ची. त्याच्या बऱ्यापैकी जवळ गिंजिरोत्ची. काळजी चांगली घेतली पण रागावलंच नाही, तर तोंडावर मुखवटा घातलेला मास्कुत्ची. चुका वाढल्या की बदकासारख्या जाड ओठांचा कुचिपात्ची, त्यात शिस्तही घसरली की वळवळणारा न्योरोत्ची किंवा पाय फुटलेला ताराकोत्ची. एक छुपा प्राणीही आहे, ओयाजित्ची. तो मास्कुत्चीतून क्वचित निघतो आणि मिशीवाल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो.

मोठी माणसं मामेत्चीसाठी झुरतात. सोसायटीतल्या एका बाबांनी तर मुलाचं अंडं स्वतःकडे घेतलं, वहीत वेळा मांडल्या, मामेत्ची काढला आणि मग मुलाला परत दिलं. दहावीच्या गुणवत्ता यादीवर वाढलेल्या पिढीकडून आणखी काय होणार? मामेत्ची दिसायला ठीक आहे, हुशार वाटतो, फार काळ जगतो. पण लेकीला आवडतो तो कुचिपात्ची. तिने एक मामेत्ची आणि एक कुचिपात्ची असे दोन्ही वाढवले आहेत आणि तिचं ठाम मत आहे, की कुचिपात्ची जास्त हसतो. ठिपके मोजून याची शहानिशा होणार नाही. मला मास्कुत्ची आवडतो. पोटभर खायला मिळालं, आजारपणात कोणीतरी उशाशी होतं, पण ओरडा कधी खाल्ला नाही, अशी माणसं मी ऑफिसात ओळखते. त्यांचं काही वाईट झालेलं नाही.

११. मरण लपवू नका

चांगला सांभाळला तर दोन आठवडे तो सहज काढतो, पुढेही जातो. मग एके दिवशी आजारी पडतो आणि औषधाला दाद देत नाही. जपानी खेळण्यात यानंतर भूत आणि थडगं दिसायचं. परदेशात पाठवताना ते बदललं आणि पंख फुटलेला देवदूत आला, आमच्या अंड्यात हाच आहे. जपानमध्ये पाचवी-सहावीतल्या पोरांना जे चाललं ते अमेरिकेतल्या पोरांना झेपणार नाही, असं कोणीतरी ठरवलं. मला हे विचित्र वाटतं. १९९८ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या पाळीव प्राण्यांच्या एका दफनभूमीत अशा आभासी प्राण्यांसाठीही थोडी जागा ठेवल्याची बातमी आली होती. देवदूत दाखवूनही लोक पुरायला निघालेच होते.

आमच्याकडे पहिला गेला तेव्हा लेक शाळेत होती आणि अंडं माझ्याकडे. संध्याकाळी तिला पडदा तसाच दाखवला. ती रडली, आजीने तिला जवळ घेतलं, आणि वरणभात खाऊन झाल्यावर तिने डावं-उजवं बटण एकदम दाबून नवं अंडं घेतलं. तिचा शोक एका जेवणाइतका होता. मोठ्यांनी मध्ये पडून गुपचूप नवा प्राणी सुरू करून ठेवू नये. पोरं वय बघतात. बारा वर्षांचा एकदम शून्य वर्षांचा झाला, हे त्यांना कळतं.

१२. नक्कल असेल तर नियमही वेगळे

मी कॉलेजात असताना मुंबईत अस्सल तामागोत्ची आमच्यापैकी कोणी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. फोर्टात, मनीष मार्केटच्या आसपास आणि स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर मिळायच्या त्या नकला. आत कुत्रा, मांजर, डायनासोर, आणि पुढे पुढे एकाच खेळण्यात डझनांनी प्राणी असल्याचा दावा वेष्टनावर. माझ्याकडे डायनासोर होता. त्याला काय हवंय हे चित्रावरून कळायचं नाही, आणि सूचनांचा कागद होता तो चिनीत. सेल मात्र सगळीकडे मिळायचे, कारण तेव्हा पोरांच्या हातात असलेल्या लेझर लाइटमध्ये तेच बसायचे.

अशा नकला आजही मिळतात आणि त्यांत वाईट काही नाही, स्वस्त आहेत. फक्त वरचे सगळे मुद्दे त्यांना लागू पडतीलच असं नाही. पंधरा मिनिटांचा हिशेब, शिस्तीची पट्टी, कोणत्या सांभाळण्यातून कोणता प्राणी, ही मूळ खेळण्याची रचना आहे. नकलेत अनेकदा प्राणी निवडायचा आणि तोच शेवटपर्यंत मोठा होत राहतो, तुम्ही काहीही करा.

१३. नवं आलं म्हणून बदलू नका

वेड ओसरलं तेव्हा बान्दाईच्या गोदामांत न विकलेला माल पडून होता आणि कंपनीला त्याचा मोठा फटका बसला. २००४ मध्ये ते पुन्हा आलं तेव्हा दोन अंडी समोरासमोर धरून इन्फ्रारेडने एकमेकांच्या घरी जाऊ लागली, लग्नं करू लागली. मग रंगीत पडदे आले. २०२३ मध्ये वाय-फायवर चालणारं ‘तामागोत्ची युनी’ निघालं. ओळखीच्या एका घरी ते बघितलं. सुंदर आहे, कपडे आहेत, खोली सजवता येते, जगभरातले प्राणी एका मैदानात भेटतात. पण इतकं करायला असतं, की प्राणी बिचारा कधी आपणहून बोलावतच नाही असं वाटलं. ठिपक्यांच्या पडद्यावर तो दिवसातून थोड्याच वेळा वाजतो आणि दर वेळी तुम्हाला ठरवावं लागतं, खरं की खोटं.

१४. सेल बदलायची वेळ

सेल काढला की आतलं सगळं पुसलं जातं. म्हणून पडदा फिका दिसायला लागला तरी जिवंत प्राणी आत असताना सेलाला हात लावू नये. तो गेला, देवदूत दिसला, की नवं अंडं घ्यायच्या आधी मागचा बारीक स्क्रू काढून बदलून टाकावा. स्क्रूसाठी चष्मेवाल्याकडचा बारका पेचकस लागतो, घरातला मोठा चालत नाही. १९९६-९७ च्या खेळण्यात बटणासारखे दोन छोटे सेल असायचे, आमच्यात एकच आहे, चपटा, २०३२ नंबरचा. स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडे मिळतो. तो दर वेळी विचारतो, “ताई, कुठल्या गाडीच्या रिमोटला?” आमच्याकडे गाडी नाही. मी वॅगन-आर सांगते.